शिशाची साल आणि सुर्ल्याचं पाकीट

बापट सरांच्या हाती ते पाकीट पडू नये, एवढ्यासाठीच मी सुर्ल्याला गेले. गोव्यात पाच दिवस काढून मी समुद्रात पाय बुडवला नाही आणि एकही किल्ला पाहिला नाही, हे ऐकून घरचे अजून हसतात. मग केलंस काय, असं विचारतात. ते थोडक्यात सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

मांद्रे

ऑक्टोबरात मांद्र्याला पर्यटक नसतात. किनाऱ्यावर शॅक उभारायचं काम चालू होतं, सगळीकडे बांबू आणि झावळ्या पडल्या होत्या. खोल्या रिकाम्या, म्हणून आमच्या गटाची वार्षिक बैठक तिथल्या एका गेस्टहाउसात ठेवली होती. वीस-बावीस जण, वेगवेगळ्या शहरांतून आलेले, सगळे भौतिकशास्त्रवाले. मी त्यांतली सर्वांत कनिष्ठ, नाशिकची, पीएचडीच्या शेवटच्या वर्षात.

सकाळी साडेसहाला सायकलचा भोंगा वाजवत पदेर आला, म्हणजे पाववाला. मालकीणबाईंनी त्याच्याकडून उंडे घेतले, गरम, वरून कडक आणि आत कापसासारखे. आमच्याकडे पाव बेकरीतून आणायचा असतो. इथे तो दुधासारखा दारात येतो. मी कोपऱ्यात बसून खात होते तेव्हा त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमी सगळी डॉक्टर मां? माझ्या ढोपराचो एक्सरे बघशात?"

"आम्ही तसले डॉक्टर नाही."

"मगे कसले?"

"मेलेल्या ताऱ्यांचे."

त्यांनी एक्सरेचं पाकीट परत काखेत घेतलं. "मेलेल्याचे? मगे उपेग काय?"

मला कुणी सरळ प्रश्न विचारला की मी गप्प होते. पण त्या उभ्याच राहिल्या. म्हणून मी टेबलावरचा चमचा उचलला आणि सांगितलं, की मोठा तारा मरतो तेव्हा त्याचा गाभा इतका दाबला जातो, की मुरगाव बंदरातून आजवर गेलेलं सगळं खनिज या चमच्यात मावेल.

"ह्या कुलेरात?"

"हो."

"कोणी बघितला?"

"जवळ जाऊन कुणीच नाही."

"मगे तुमी सांगता तां आमी खरा धरूचा?" असं म्हणून त्या चहा आणायला गेल्या. पाच दिवसांत मला भेटलेला तो सर्वांत योग्य प्रश्न होता.

तो तारा इथे आणता येत नाही, म्हणून आम्ही शिसं घेतो. शिशाच्या अणूच्या गाभ्यात प्रोटॉनपेक्षा न्यूट्रॉन बरेच जास्त असतात, आणि ते जास्तीचे न्यूट्रॉन बाहेरच्या बाजूला सरकून एक अतिशय पातळ साल तयार करतात. ती साल जाड निघाली, तर न्यूट्रॉनना दाबून घेणं फारसं आवडत नाही असं समजायचं, आणि मग ताराही मोठा असणार. पातळ निघाली, तर तारा लहान. परदेशातल्या एका प्रवेगक यंत्रात इलेक्ट्रॉनचा झोत शिशाच्या पातळ पत्र्यावर सोडून आमच्या गटाने ही साल मोजली. त्या मोजणीतून उत्तर काढायचं काम दोन वर्षं माझ्याकडे होतं.

या कामात एक रीत आहे. माणसाला जे उत्तर हवं असतं तिकडे त्याचा हात आपोआप वळतो. म्हणून गटाबाहेरचा एक विश्वासू माणूस सगळ्या मोजणीत एक गुप्त आकडा मिसळून ठेवतो. आम्ही दोन वर्षं जे पाहतो ते खरं उत्तर नसतंच; गुप्त आकडा मिसळलेलं उत्तर असतं. काम पूर्ण झालं, सह्या झाल्या, की मगच तो आकडा उघडायचा, वजा करायचा, आणि जे येईल ते मान्य करायचं. आमचा आकडा गावस सरांनी निवडला होता. ते निवृत्त होऊन सुर्ल्याला आपल्या गावी राहतात. कागदावरची एकुलती एक प्रत त्यांच्या कपाटात, पाकिटात बंद होती.

बापट सर माझे मार्गदर्शक. अतिशय सौम्य माणूस. कुणाला बिनसाखरेचा चहा लागतो हे त्यांच्या लक्षात असतं. गणेशचतुर्थीला ते गावस सरांकडे दर्शनाला गेले होते. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "ते एका दुपारचे अकरा रन आहेत ना, ते काढून टाक." रन म्हणजे यंत्र अर्धा तास सलग चालवून घेतलेली मोजणी. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "झोत नीट नव्हता. काढ."

मी नोंदवही पाहिली. झोत नीट होता. त्या दुपारी पाळीवर बापट सरच होते, आणि त्यांच्याच हस्ताक्षरात लिहिलं होतं: सर्व ठीक.

ते अकरा रन काढले की आमचं उत्तर सरकत होतं. सरकणं सोयीचं की गैरसोयीचं, हे कुणालाच कळणं शक्य नव्हतं. गुप्त आकडा माहीत असलेला माणूस सोडून.

मी रन काढले. सहीसुद्धा केली. मला जानेवारीत परदेशात नोकरी मिळत होती, प्रबंध आधी द्यायचा होता, आणि मार्गदर्शकाशी भांडायचं कसं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण तेव्हापासून मी सरांकडे सरळ पाहू शकत नव्हते.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी गावस सरांचा फोन आला: देवळात कामात अडकलोय, पाकीट न्यायला कुणाला तरी पाठवा. बापट सर लगेच उठून चपला घालू लागले.

"मी जाते," मी म्हणाले. खोलीतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण दोन दिवसांत मी पहिल्यांदाच बोलले होते.

"तू एकटी? दोन ठिकाणी गाडी बदलावी लागेल," सर म्हणाले.

"जाईन."

सर चपला घालून तसेच उभे होते. मला वाटलं, यांना फारच घाई आहे.

डिचोली, मग सुर्ला

मांद्रे ते म्हापसा एक बस, म्हापशाहून डिचोलीला दुसरी. कंडक्टर दारात उभा राहून "डिचोली, डिचोली" ओरडत होता आणि शिट्टी बोटांनी वाजवत होता. डिचोलीच्या बसस्टँडसमोर मी पातळ भाजी आणि पाव खाल्ला. वाटाण्याचा पातळ रस्सा, बारीक कांदा, सोबत एक मिरची. आमच्या मिसळीची ही गरीब, शहाणी बहीण. शेजारच्या टेबलावरचे दोघे माझ्या पिशवीकडे पाहत होते. मी पिशवी मांडीवर घेतली.

सुर्ल्याची बस नुकतीच गेली होती, म्हणून पायलट केला. गोव्यात भाड्याच्या मोटारसायकलवाल्याला पायलट म्हणतात. अनोळखी माणसाच्या मागे बसायचं, ही कल्पना मला पटत नव्हती. मी गाडीचा नंबर घरी मेसेज करून ठेवला. त्याने ते पाहिलं.

"बरा केलंस," तो म्हणाला. "माझ्या चेडवाक मी ह्याच शिकयलंय." चेडू म्हणजे मुलगी. तो दोडामार्गचा होता, पूर्वी खनिजाचा ट्रक चालवायचा. मधली काही वर्षं खाणी बंद होत्या, तेव्हा ट्रक विकून मोटारसायकल घेतली. "कोणाकडे जावचा?"

"गावसांकडे. मास्तर... सर."

"खाणकंपनीची गो तू?"

"नाही."

"पाकिटा घेवन येतत ते कंपनीचेच आसतत."

मी म्हटलं, मी पाकीट आणलेलं नाही, न्यायला आलेय. हे ऐकून त्याने आरशातून मला एकदा नीट पाहून घेतलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं तांबडी होती. पानांवर, कुंपणांवर, अंगणातल्या तुळशीवर खनिजाची धूळ. समोरून एक भरलेला ट्रक गेला आणि माझा पांढरा कुडता एका क्षणात विटकरी झाला. पायलट म्हणाला, "आता सुर्ल्याची दिसतंस."

गावस सर घरी नव्हते. देवळात प्रसाद लावला होता, म्हणजे देवाला कौल विचारायचा होता. गावातली पन्नासेक माणसं सभामंडपात बसली होती. मी दारातून आत डोकावले तशी बोलणी थांबली. माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे सगळ्यांची नजर. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "फोटो काढूक इलंस काय?" कोपऱ्यातून गावस सर उठले आणि म्हणाले, "माझी पाहुणी," तेव्हा कुठे मला बसायला जागा मिळाली.

पालखीचा जुना मार्ग आता ट्रकच्या रस्त्याला लागून गेला होता. मार्ग बदलायचा की नाही, हा प्रश्न होता. भटजींनी दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि देवाच्या छातीवर उजवीकडे-डावीकडे चिकटवल्या. उजवी आधी पडली तर जुनाच मार्ग.

मी भटजींच्या बोटांकडे पाहत होते. एक पाकळी जास्त ओली केली की ती उशिरा पडणार. सवयच तशी, मला त्यात देव दिसलाच नाही, बोटं दिसली.

"काय शोधतेस?" गावस सरांनी हळूच विचारलं.

"दोन्ही सारख्याच भिजवल्यात का, ते."

ते गालात हसले. "म्हणूनच आधी दोन्ही पाकळ्या सगळ्यांना दाखवतात. आणि प्रश्न मोठ्याने सांगतात, पाकळी लावायच्या आधी. पडल्यावर प्रश्न बदलायचा नाही. यावरून आमच्या गावात मारामारी झालेली आहे."

वीस मिनिटं कुणी हललं नाही. मग उजवी पाकळी पडली. निम्मी माणसं नाराज होऊन उठली, पण उठली.

घर देवळामागेच होतं. गावसकाकी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. त्यांनी माझा कुडता पाहिला, काही न बोलता मोरीत बादली ठेवली आणि सुनेचा एक ड्रेस आणून दिला. "जेवल्याशिवाय जावची नाय हां." खतखतं होतं, अनेक कंद आणि शेंगा घालून केलेलं, त्यात तिरफळं. तिरफळ चावायचं नसतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जीभ अर्धा तास बधिर. काकी म्हणाल्या, "शिकलेल्या मुलांका ह्याच येणा नाय."

जेवणानंतर गावस सरांनी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात जमिनीचे कागद, मधल्यात आरतीची पुस्तकं, त्यांच्याच शेजारी पाकीट. त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

पाकीट बंद करून त्यावर आडवी सही करायची ठरलं होतं, अर्धी झाकणावर, अर्धी खाली. सही होती. पण वरचा अर्धा आणि खालचा अर्धा जुळत नव्हता. केसाएवढा फरक. दोन वर्षं मी असल्याच फरकांकडे पाहत आले आहे. तो मला लगेच दिसला.

"हे उघडलं होतं," मी म्हणाले. 

काकी ताटं उचलता उचलता म्हणाल्या, "उघडला नाय गो, सुटला. पावसात सगळी पाकिटा सुटतत. मी पेजेची खळ लावन चिकटयलंय."

"कधी?"

"चवथ झाल्यार. कपाट आवरताना."

"तुम्ही वाचलात?"

"आकडो वाचून मी काय पोरांका शिकवतलंय?" त्या हसल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून हसणं थांबवलं. "नाय वाचलंय."

"चतुर्थीला बापट सर आले होते ना?"

"इल्ले. गोड माणूस. आरतीची पुस्तका त्येंनीच काडून दिली कपाटातसून."

बाहेर कुणाचा तरी मिक्सर चालू होता. मला एवढंच कळत होतं, की झाकण सुटलेलं पाकीट, त्याच्या शेजारची आरतीची पुस्तकं, आणि तिसऱ्या दिवशी 'अकरा रन काढ'. दोन वर्षांचं काम संपलं होतं. आकडा कुणी पाहिलेला असेल, तर आमचं उत्तर हे उत्तर नव्हे. ते सरांनी हवं तसं कापून घेतलेलं काहीतरी होतं, आणि कापायची कात्री माझ्या हातात होती.

गावस सर बराच वेळ सही निरखत होते. "चूक माझी. स्टीलच्या डब्यात ठेवायला हवं होतं." मी तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला. "संशय कुणाचा आहे, ते मला सांगू नकोस. ऐकलं की माझंही मत तयार होईल."

त्यांनी एक चिठ्ठी लिहिली: पाकीट दमटपणाने सुटले होते व पुन्हा चिकटवले आहे. खाली सही. "ही वेगळी देतोय. दाखवायची की नाही, तू ठरव. दाखवलीस तर तुझा प्रबंध लांबेल. मला माहीत आहे."

परतताना बसमध्ये मी पाकीट ओढणीखाली धरलं होतं आणि चिठ्ठी चपलेच्या आत ठेवली होती. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

पुन्हा मांद्रे

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर आमचा आलेख लावलेला होता. बैठकीच्या अध्यक्ष राधा मॅडम, चेन्नईच्या, कमी बोलणाऱ्या. कुणीतरी पेढे आणून ठेवले होते. राधा मॅडमनी हात पुढे केला. मी पाकीट दिलं आणि त्याच्यावर चिठ्ठी ठेवली.

त्यांनी ती मोठ्याने वाचली. 

"कुणाला काही म्हणायचं आहे?"

मला वाटलं होतं मला बोलता येणार नाही. उभं राहिल्यावर असं लक्षात आलं, की मी रात्रभर ठरवलेली वाक्यं विसरले आहे, आणि एकच उरलं आहे. "आपण काही रन काढलेत," मी म्हणाले. "ते का काढले, ते कारण पाकीट उघडायच्या आधी फळ्यावर लिहावं. ज्यांनी काढायला सांगितलं, त्यांनी."

मी नाव घेतलं नाही. गरजही नव्हती. सर उठले. फळ्यापर्यंत गेले, खडू उचलला आणि लिहिलं: *झोत नीट नव्हता.* मग हाताने ते पुसून टाकलं.

"झोत नीट होता," ते म्हणाले. "पत्रा नीट नव्हता."

आमचा शिशाचा पत्रा हिऱ्याच्या दोन पातळ चकत्यांमध्ये धरलेला असतो. शिसं लवकर वितळतं आणि हिरा उष्णता बाहेर नेतो, म्हणून. त्या दुपारी मोजणी थरथरायला लागली होती. शिसं आत कुठेतरी वितळून सरकायला लागलं असणार, हे सरांनी ओळखलं. ते लिहिलं असतं तर यंत्र थांबवून तपासणी झाली असती, आणि आम्हाला मिळालेले थोडेच तास शिल्लक होते. त्यांनी अकरा रन तसेच पुढे रेटले, पाळी संपताना दुसरा पत्रा लावला आणि वहीत लिहिलं: सर्व ठीक.

"मी विसरलो होतो," ते म्हणाले. "म्हणजे, विसरायचं ठरवलं होतं. चतुर्थीला गावसांच्या कपाटात ते पाकीट दिसलं तेव्हा लक्षात आलं, की आता हे उघडणार, आणि ते अकरा रन आत आहेत."

राधा मॅडमनी विचारलं, "पाकिटाला हात लावलात?"

"नाही. पण ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही."

त्यांच्याकडे पहिल्यांदाच मी सरळ पाहिलं. खोटं बोलणारा माणूस याहून चांगलं कारण आणतो, असं वाटलं. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे; हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

गावस सरांना फोन लावला. पाकीट काकींनी कसं चिकटवलं ते सांगून ते म्हणाले, जुन्या आकड्यावर आणखी एक नवा गुप्त आकडा चढवतो. मग जुना कुणी पाहिला असला तरी फरक पडणार नाही. पाकिटाचा प्रश्न तेवढ्याने मिटणार होता.

"तशी गरज आहे का?" मागून कुणीतरी म्हणालं. "अकरा रन खराबच होते. काढलेत ते बरोबर काढलेत. पाकीट त्या बाईंनी चिकटवलंय. उघडू या."

बऱ्याच माना हलल्या. लोक हजार किलोमीटरवरून आले होते. राधा मॅडम माझ्याकडे वळल्या. "विश्लेषण तुझं आहे, केतकी. तू सांग."

पेढ्यांच्या डब्याभोवती माशी फिरत होती. जानेवारी, विमान, नवं शहर, आईने आधीच घेऊन ठेवलेला कोट. उघडलं असतं तर सगळं जागेवर राहत होतं.

"आज नको," मी म्हणाले.

मग कारणही सांगावं लागलं. "पत्रा एका क्षणात खराब होत नाही. त्या अकरांच्या आधीचेही काही रन बिघडलेले असतील. ते कुणी पाहिलेले नाहीत. उत्तर कळल्यावर मी ते पाहिले, तर उत्तराला सोयीचे तेवढेच बिघडलेले दिसतील मला."

"किती वेळ लागेल?"

"तीन महिने. कदाचित चार."

राधा मॅडमनी पाकीट न उघडताच स्वतःच्या फाइलमध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, नवा आकडा चढवा. पेढे मात्र संपले. मालकीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काय झाला? तारो गावलो?"

"अजून नाही."

"माका म्हायतच होता," त्या म्हणाल्या.

पेडणे

परतीची गाडी पेडण्याहून होती. स्टेशन लहान, स्वच्छ, सभोवती झाडी. गाडी तासभर उशिरा होती. फलाटाच्या एका बाकावर मी, दुसऱ्यावर बापट सर. मग ते उठून माझ्या बाकावर आले, मधे त्यांची बॅग ठेवून.

"तुला संशय आला, तेव्हा मला एकट्याला गाठून का नाही विचारलंस?"

"सप्टेंबरात विचारलं होतं, सर."

"ते वेगळं. संशय आल्यावर."

मी जरा विचार केला. "विचारलं असतं, तर सांगितलं असतंत?"

रुळांपलीकडे एक माणूस गवत कापत होता, सर त्याच्याकडे पाहत राहिले.

"नसतं सांगितलं," ते म्हणाले.

मला बरं वाटलं, हे लिहायला विचित्र वाटतं, पण वाटलं.

"तुझ्या त्या लोकांना मी पत्र लिहितो. जागा चार महिने थांबवा म्हणून. उशीर माझ्यामुळे झाला, तुझ्यामुळे नाही, असं स्पष्ट लिहितो."

"लिहा," मी म्हणाले. "पण पाठवायच्या आधी मला दाखवा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी बॅगेतून लॅपटॉप काढला, मांडीवर घेतला, आणि पहिलं वाक्य लिहायच्या आधी पडदा माझ्या बाजूला वळवला.